विश्लेषण : कुणालाच नको असलेला आइस हॉकीपटू मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक कसा झाला? मार्टिन सेंट लुईची कारकीर्द काय सांगते?

फेब्रुवारी २०२२. कॅनडातील मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाने हंगाम अर्ध्यावर असताना मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी केली आणि त्या जागी मार्टिन सेंट लुईला आणले. खेळाडू म्हणून त्याचे नाव मोठे होते. चार वर्षांपूर्वीच त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले होते. पण व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचा अनुभव शून्य होता. निवृत्तीनंतर त्याने शिकवले होते ते प्रामुख्याने स्वतःच्या मुलांच्या संघांना. साहजिकच अनेकांना ही निवड म्हणजे जुगार वाटला. त्यानंतर सलग तीन हंगामांत या संघाचे गुण वाढत गेले आणि २०२५ मध्ये सेंट लुई लीगच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्कारासाठी अंतिम तिघांत पोहोचला. हे कसे घडले, याचा हा आढावा.

मॉन्ट्रियलचे प्रशिक्षकपद इतके अवघड का?

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग म्हणजेच एनएचएल ही जगातील सर्वांत मोठी व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धा. तिचे विजेतेपद म्हणजे स्टॅनले कप. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने हा चषक २४ वेळा जिंकला आहे, इतर कोणत्याही संघापेक्षा जास्त. मात्र शेवटचा विजय १९९३ मधला. त्यानंतर जन्मलेली आणि वाढलेली चाहत्यांची एक अख्खी पिढी आहे, जिने आपल्या संघाला चषक उंचावताना एकदाही पाहिलेले नाही.

दुसरी अट भाषेची. मॉन्ट्रियल हे क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांतातील शहर. या संघाच्या प्रशिक्षकाला फ्रेंच आलेच पाहिजे, असा कुठे लेखी नियम नाही. पण संकेत पक्का आहे. २०११ मध्ये फक्त इंग्रजी बोलणाऱ्या रँडी कनीवर्थ यांच्याकडे प्रभारी प्रशिक्षकपद दिले गेले, तेव्हा क्यूबेकमध्ये मोठा गदारोळ झाला होता. म्हणजे ३२ संघांच्या लीगमध्ये जिथे आधीच चांगले प्रशिक्षक मोजके, तिथे मॉन्ट्रियलला त्यातलाही फ्रेंच बोलणारा शोधावा लागतो. सेंट लुईचा जन्म १९७५ चा, मॉन्ट्रियलला लागूनच असलेल्या लावाल शहरातला. फ्रेंच ही त्याची घरची भाषा. ही अट त्याने जन्मतःच पूर्ण केली होती. उरलेल्या अटींचे काय, हा प्रश्न होता.

संघ तेव्हा कोणत्या स्थितीत होता?

२०२१ च्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलने अनपेक्षितपणे अंतिम मालिकेपर्यंत मजल मारली होती. तिथे टॅम्पा बे लाइटनिंगने त्यांना हरवले. पुढच्याच हंगामात संघ कोसळला. प्रशिक्षक डॉमिनिक ड्यूशार्म यांना हटवले तेव्हा ४५ सामन्यांत फक्त ८ विजय खात्यावर होते. जनरल मॅनेजर केंट ह्यूज यांची नेमणूक होऊनही महिनाच झाला होता. ते स्वतः आधी खेळाडूंचे एजंट होते. नव्या मॅनेजरने नवखा प्रशिक्षक आणला, तोही प्रभारी म्हणून. हंगाम तसाही हातचा गेलेला होता. फारसे बिघडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आइस हॉकीत प्रशिक्षक नेमके काय करतो?

आपल्याकडच्या वाचकाला हे थोडे समजून घ्यावे लागेल. क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला की सूत्रे कर्णधाराच्या हाती जातात. आइस हॉकीत तसे नाही. प्रशिक्षक सामनाभर खेळाडूंच्या बाकामागे उभा असतो आणि दर मिनिटाला निर्णय घेत असतो.

सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा. बर्फावर एका वेळी एका संघाचे गोलरक्षक धरून सहा खेळाडू. बर्फावरचा वेग इतका असतो की एक खेळाडू सलग साधारण ४० ते ५० सेकंदच पूर्ण जोमाने खेळू शकतो. मग तो कठडा ओलांडून बाकावर येतो आणि दुसरा आत उडी मारतो. त्यासाठी खेळ थांबत नाही. आक्रमकांचे तिघा-तिघांचे चार गट आणि बचावपटूंच्या तीन जोड्या अशी साधारण रचना असते. कोणता गट कोणासमोर उतरवायचा, नियमभंगामुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू दोन मिनिटांसाठी बाहेर बसला की कोणते पाच जण पाठवायचे, चूक केलेल्या तरुण खेळाडूला लगेच पुन्हा संधी द्यायची की बाकावर बसवून ठेवायचे, हे सारे प्रशिक्षक ठरवतो. खेळ थांबलेला असताना शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमान संघाला असतो. त्यामुळे घरच्या मैदानावर प्रशिक्षकाला समोरचा गट पाहून आपला गट निवडता येतो.

म्हणजे एखाद्या खेळाडूला किती सेकंद मिळणार आणि कोणाच्या साथीने, हे प्रशिक्षकाच्या हाती. करिअर घडण्या-बिघडण्याची गोष्ट इथेच असते. सेंट लुई हे स्वतःच्या अनुभवातून शिकला होता.

सेंट लुईला कुणीच का निवडले नाही?

एनएचएलमध्ये दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. जगभरातील तरुण खेळाडूंमधून संघ आपापली निवड करतात. दरवर्षी दोनशेहून अधिक नावे पुकारली जातात. त्या यादीत सेंट लुईचे नाव एकदाही आले नाही. कारण एकच. त्याची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच.

नव्वदच्या दशकातील आइस हॉकी धिप्पाड खेळाडूंची होती. प्रतिस्पर्ध्याला अडवणे, धरून ठेवणे, काठीने अडकवणे यांकडे पंच सर्रास कानाडोळा करत. अशा खेळात लहान चणीचा मुलगा टिकणार नाही, असे संघांच्या निवडकर्त्यांचे ठाम मत होते. गंमत म्हणजे, अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाकडून चार वर्षे खेळताना त्याने २६७ गुण मिळवले होते. (आइस हॉकीत खेळाडूने केलेला गोल आणि सहकाऱ्याच्या गोलला केलेले साहाय्य, दोन्हींना प्रत्येकी एक गुण मोजतात.) तो त्या विद्यापीठाचा विक्रम ठरला. कागदावरचे आकडे उत्तम होते. पण निवडकर्त्यांनी पाहिली ती मोजपट्टी.

कॅल्गरीने सोडले, मग टॅम्पात काय घडले?

दुय्यम लीगमध्ये खेळून झाल्यावर १९९८ मध्ये कॅल्गरी फ्लेम्सने त्याला करारबद्ध केले. दोन हंगामांत मिळून तो तेथे एनएचएलचे ६९ सामने खेळला. त्यात गोल केवळ चार. त्याला बहुतेकदा चौथ्या गटात, बचावाच्या कामापुरते उतरवले जाई. २००० च्या उन्हाळ्यात कॅल्गरीने त्याचा करार गुंडाळला. वय २५, हातात काम नाही, अशी अवस्था.

तेव्हा टॅम्पा बे लाइटनिंगने त्याला घेतले. फ्लोरिडातील हा संघ १९९२ मध्येच लीगमध्ये आलेला आणि तळाशी रुतलेला. तेथे सेंट लुईला हळूहळू जास्त वेळ मिळू लागला. वेळ मिळाला तसे गोलही आले. २००३-०४ च्या हंगामात त्याने ९४ गुणांसह संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचा हार्ट चषकही मिळवला.

त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत टॅम्पासमोर कोण होते? तेच कॅल्गरी. मालिकेत कॅल्गरी ३-२ ने पुढे. सहावा सामना कॅल्गरीच्याच मैदानावर. आणखी एक विजय आणि चषक त्यांचा. निर्धारित वेळेत बरोबरी झाली, पहिल्या जादा सत्रातही निकाल लागला नाही. दुसऱ्या जादा सत्राच्या ३३ व्या सेकंदाला गोल झाला. तो सेंट लुईचा होता. दोन दिवसांनी, ७ जून २००४ रोजी, सातवा सामना २-१ ने जिंकून टॅम्पाने पहिला स्टॅनले कप पटकावला. चार वर्षांपूर्वी ज्याला बिनकामाचा ठरवले, त्यानेच कॅल्गरीचा घास तोंडाशी आलेला असताना काढून घेतला.

२०१३ मध्ये त्याने पुन्हा एकदा गुणांत अव्वल स्थान मिळवले, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. इतक्या वयात हा मान मिळवणारा तो पहिला खेळाडू. कारकीर्द संपली तेव्हा खात्यावर ११३४ सामने, ३९१ गोल आणि १०३३ गुण होते.

२०१४ मध्ये काय झाले होते?

सेंट लुईच्या कारकिर्दीतील हे सर्वांत खळबळीचे वर्ष. सोची ऑलिम्पिकसाठी कॅनडाचा संघ निवडणारे स्टीव्ह आयझरमन हेच टॅम्पाचे जनरल मॅनेजर होते आणि सेंट लुई टॅम्पाचा कर्णधार. तरीही जाहीर झालेल्या संघात त्याचे नाव नव्हते. पुढे सहकारी स्टीव्हन स्टॅमकोस पायाच्या दुखापतीतून वेळेत सावरू न शकल्याने सेंट लुईला त्याच्या जागी घेतले गेले आणि कॅनडाने सुवर्णपदक जिंकले. पण मन दुखावले ते दुखावलेच. त्याने संघ बदलून मागितला आणि मार्चमध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. टॅम्पाचे चाहते चिडले. कर्णधार असा संघ सोडून जातो का, हा त्यांचा सवाल होता. (२०१७ मध्ये मात्र टॅम्पाने त्याचा २६ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. त्या संघाने असा मान दिलेला तो पहिलाच खेळाडू.)

दोन महिन्यांनी, पिट्सबर्गविरुद्धच्या मालिकेत रेंजर्स १-३ असे पिछाडीवर असताना सेंट लुईच्या आईचे अचानक निधन झाले. दुसऱ्याच दिवशी तो सामन्यात उतरला आणि रेंजर्स जिंकले. सहावा सामना ‘मदर्स डे’ला होता. त्या सामन्याचा पहिला गोल सेंट लुईने केला. रेंजर्सने मालिका ४-३ ने फिरवली. पुढची मालिका मॉन्ट्रियलशी असल्याने संघ त्याच्या गावाजवळच आला होता. लावालमधील अंत्यसंस्काराला रेंजर्सचे सहकारी हजर राहिले. संघाने आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, याचा अनुभव त्याने असा घेतलेला आहे.

निवृत्तीनंतर तो थेट प्रशिक्षक का झाला नाही?

२०१५ मध्ये निवृत्त झाल्यावर सेंट लुई अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये कुटुंबासोबत राहिला. तीन मुलगे हॉकी खेळत होते. त्यांच्या संघांना तो शिकवू लागला. २०१९ मध्ये काही काळ कोलंबस ब्लू जॅकेट्स संघाचा सल्लागार म्हणूनही त्याने काम केले. एनएचएलमध्ये मुख्य प्रशिक्षक होण्याची नेहमीची वाट वेगळी आहे. आधी दुय्यम लीगमध्ये वर्षानुवर्षे बसप्रवास, मग एनएचएलमध्ये सहायक आणि नशिबात असेल तर मुख्य पद. सेंट लुईने हे टप्पे गाळले.

पण मुलांना शिकवण्याचा एक फायदा असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘अमुक रचना पाळ’ म्हणून भागत नाही. तिथे का उभे राहायचे, मोकळी जागा कुठे तयार होते, पक म्हणजे रबराची ती चकती आपल्याकडे येण्याआधी काय पाहायचे, हे समजावून सांगावे लागते. मॉन्ट्रियलमध्ये आल्यावर सेंट लुईने हीच पद्धत वापरली. ठरीव साच्यापेक्षा खेळामागची तत्त्वे समजून घ्या आणि समोरची स्थिती वाचून स्वतः निर्णय घ्या, यावर त्याचा भर राहिला. अंगाने लहान असलेला खेळाडू एनएचएलमध्ये टिकतो तो डोक्याने. सेंट लुईला खेळ अंगभूत ताकदीने नव्हे, तर निरीक्षणाने उलगडावा लागला होता. म्हणूनच तो दुसऱ्याला उलगडून सांगता येत होता.

पहिल्या दोन महिन्यांत काय बदलले?

याचे सर्वांत ठळक उदाहरण कोल कॉफिल्ड. हाही लहान चणीचा, उंची सेंट लुईएवढीच. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत निवडला गेलेला हा गोलंदाज नव्हे, गोल करणारा तरुण त्या हंगामात पुरता हरवला होता. मधे त्याची रवानगी दुय्यम लीगमध्येही झाली. सेंट लुई येण्यापूर्वीच्या ३० सामन्यांत त्याने केवळ एक गोल केला होता. सेंट लुई आल्यावरच्या ३७ सामन्यांत २२ गोल केले. खेळाडू तोच, संघ तोच, हंगामही तोच. त्याच्यावरचा विश्वास आणि त्याला दिलेले काम तेवढे बदलले होते.

तरीही संघ त्या वर्षी लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावरच राहिला. मात्र जूनमध्ये सेंट लुईच्या नावापुढचा ‘प्रभारी’ हा शब्द गेला आणि त्याला तीन वर्षांचा करार मिळाला.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच का?

मुळीच नाही. वेन ग्रेट्झकी हे आइस हॉकीतील सर्वांत मोठे नाव. २८५७ गुणांचा त्याचा विक्रम आजही कुणाच्या आवाक्यात नाही. पण २००५ ते २००९ या काळात तो फिनिक्स कायोटीजचा प्रशिक्षक होता, तेव्हा चारपैकी एकाही हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला नाही. याउलट स्कॉटी बोमन यांनी प्रशिक्षक म्हणून नऊ स्टॅनले कप जिंकले, त्यांतले पाच मॉन्ट्रियलसोबत. ते स्वतः एनएचएलमध्ये एकही सामना खेळले नव्हते.

मधली उदाहरणेही आहेत. क्रेग बेरुबी हा हाणामारीसाठी ओळखला जाणारा खेळाडू. एनएचएलच्या १०५४ सामन्यांत गोल ६१ आणि शिक्षेची मिनिटे तीन हजारांहून अधिक. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला लीगमध्ये तळाला असलेल्या सेंट लुईस ब्लूज संघाला प्रभारी प्रशिक्षक म्हणून त्याने त्याच वर्षी जूनमध्ये पहिला स्टॅनले कप जिंकून दिला. रॉड ब्रिंडामोर २००६ मध्ये कॅरोलायना हरिकेन्सचा विजेता कर्णधार होता. २०१८ पासून त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून तो स्थिरावला.

यातून एक सूत्र काढायचेच झाले तर ते असे : ज्याला खेळ सहज जमला, त्याला तो समजावणे अवघड जाऊ शकते. ज्याने बाकावर बसून दिवस काढले, त्याला बाकावरच्या खेळाडूचे मन कळते. सेंट लुईचे वेगळेपण असे की त्याने दोन्ही टोके पाहिली आहेत. चौथ्या गटातला उपरा आणि लीगमधला सर्वोत्तम, या दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या आहेत.

आकडे काय सांगतात?

लीगच्या तक्त्यात विजयाला दोन आणि जादा वेळेतील पराभवाला एक गुण मिळतो. ८२ सामन्यांच्या हंगामात मॉन्ट्रियलचे गुण असे राहिले : २०२१-२२ मध्ये ५५, २०२२-२३ मध्ये ६८, २०२३-२४ मध्ये ७६ आणि २०२४-२५ मध्ये ९१. शेवटच्या हंगामात संघाने अखेरच्या साखळी सामन्यात बाद फेरीतली जागा मिळवली. २०२१ नंतर प्रथमच.

याच काळात निक सुझुकी २३ व्या वर्षी या संघाच्या इतिहासातील सर्वांत तरुण कर्णधार झाला. आणि लेन हटसन? २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो ६२ व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. कारण पुन्हा तेच, उंची कमी. एवढ्या लहान चणीचा बचावपटू कसा चालेल, ही शंका होती. मॉन्ट्रियलने त्याला घेतले, सेंट लुईने त्याला भरपूर वेळ आणि मोकळीक दिली. २०२४-२५ मध्ये हटसनने ६० गोलसाहाय्य करत नवोदित बचावपटूंच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक जिंकला.

टीका कशावर होते?

सगळेच आलबेल होते असे नाही. बचावात प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी धरून फिरण्याची जी पद्धत सेंट लुईने आणली, ती तरुण खेळाडूंना झेपत नाही, अशी टीका झाली. खेळाडू गोंधळले की गोलसमोर रान मोकळे होई. २०२४-२५ च्या सुरुवातीलाही नोव्हेंबरपर्यंत संघ पुन्हा तळाशी होता आणि प्रशिक्षकाच्या क्षमतेवर उघड प्रश्न विचारले जात होते. सेंट लुईच्या बाजूने एक गोष्ट होती. व्यवस्थापनाने त्याच्यावर सुरुवातीपासून विजयांचा नव्हे, तर तरुण संघ घडवण्याचा भार टाकला होता. प्रत्येक प्रशिक्षकाला इतका वेळ मिळत नाही. ड्यूशार्म यांना अंतिम मालिका खेळून अवघ्या सात महिन्यांत घरी जावे लागले होते.

पुढे काय?

२०२५ च्या बाद फेरीत मॉन्ट्रियलला पहिल्याच मालिकेत वॉशिंग्टन कॅपिटल्सने ४-१ असे हरवले. सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कारही वॉशिंग्टनच्याच स्पेन्सर कार्बेरी यांना मिळाला. ते एनएचएलमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत, दुय्यम लीगमधून पायरी-पायरीने वर आले. म्हणजे सेंट लुईने गाळलेल्या वाटेनेच आलेला प्रशिक्षक त्या वर्षी सरस ठरला.

मॉन्ट्रियलमध्ये अखेर हिशोब एकाच गोष्टीचा होतो, पंचविसाव्या स्टॅनले कपचा. तो येईपर्यंत सेंट लुईची परीक्षा संपणार नाही. पण प्रशिक्षकाच्या कामाची आणखी एक मोजदाद असते. कॉफिल्ड आणि हटसन यांच्यासारख्या खेळाडूंना तीस वर्षांपूर्वी कदाचित बाकावरच बसून राहावे लागले असते, किंवा बाकापर्यंतही पोहोचता आले नसते. आज ते मॉन्ट्रियलच्या आक्रमणाचा कणा आहेत. त्यांना बर्फावर पाठवणाऱ्या माणसाला त्या बाकाची पुरती ओळख आहे.